सोलापूर–मुंबई, ३६० किलोमीटर: उशीर झालेल्या विमानाने किती उंच आणि किती वेगाने जावे?

मे महिन्यातली दुपार. होटगी रस्त्यावरच्या विमानतळावर पारा ४२ अंशांवर आहे. मुंबईला निघालेले ७२ आसनी टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइन इंजिनाने प्रोपेलर फिरवणारे, विमान २५ मिनिटे उशिरा धावपट्टीवर येते. उड्डाणाच्या वेळचे वजन २० टन, मुंबईपर्यंतचे सरळ अंतर सुमारे ३६० किलोमीटर. आता वैमानिकाने किती उंची घ्यायची, किती वेग ठेवायचा, आणि त्याने इंधनात किती फरक पडेल?

हे उड्डाण कागदावरचे आहे. अभियांत्रिकीच्या मुलांपुढे मी ते गणित म्हणून ठेवतो. अंतर, हवेची घनता आणि पंखाचे क्षेत्रफळ यांचे आकडे खरे आहेत. वजन, इंजिनाची कार्यक्षमता वगैरे हिशोबासाठी धरलेले आहेत. सोलापूरची गोव्याची सेवा जून २०२५ मध्ये आणि मुंबईची ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली. विमानासाठी या गावाने फार वर्षे वाट पाहिली. तेव्हा डोक्यावरून जाणाऱ्या विमानाचा हिशोब इथल्या पोरांना तोंडपाठ असावा, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न मांडला की वर्गातून तीन उत्तरे हमखास येतात. पहिले: तासाभराचा रस्ता, उगाच वर कशाला चढायचं? खालूनच सरळ न्या, चढाईचं इंधन वाचेल. दुसरे: उशीर झालाय ना, मग दाबा. तिसरे: वर हवा विरळ, म्हणून जेवढं वर तेवढं स्वस्त. तिन्हींत थोडे थोडे तथ्य आहे, आणि म्हणूनच हे प्रकरण शिकवायला चांगले आहे.

पंखाला काय हवे असते

एका मुलाचे वडील पुणे हायवेला ट्रक चालवतात. तो म्हणाला, "सर, आमची गाडी साठच्या काट्यावर असली की ॲव्हरेज देती. विमान बी हळू नेलं की झालं की." ट्रकला हे लागू पडते, कारण ट्रकचे वजन रस्ता उचलतो. विमानाचे वजन हवेला उचलावे लागते, आणि त्या उचलण्याची किंमत विमान हळू चालले की वाढते.

विमानाला मागे ओढणारे बल, म्हणजे ड्रॅग, दोन भागांचे असते. एक भाग हवा कापत जाण्याचा. तो वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की हा भाग चौपट. त्याला पॅरासाइट ड्रॅग म्हणतात. दुसरा भाग उचल निर्माण करण्याचा, म्हणजे इंड्यूस्ड ड्रॅग. तो नेमका उलटा वागतो: वेग कमी झाला की विमानाला नाक वर करून हवा जास्त तिरकी खाली ढकलावी लागते आणि हा भाग झपाट्याने वाढतो. दोन्हींची बेरीज केली की खोलगट वक्र मिळतो. त्याच्या तळाशी जो वेग येतो, तिथे विमानाची ओढ सगळ्यात कमी.

आपल्या विमानाचा पंख ६१ चौरस मीटरचा आणि लांबट आहे. २० टन वजनाला हिशोब केला तर सगळ्यात कमी ओढ ताशी २८० किलोमीटरच्या आसपास येते, सुमारे १,१८० किलो वजनाइतकी. म्हणजे वजनाचा सतरावा हिस्सा. ३७० ला ती १,३८० किलो होते, ४२० ला १,६०० च्या वर जाते. उलट २४० पर्यंत वेग उतरवला, तरी ती पुन्हा वाढून १,२२० होते. ट्रकवाल्याच्या मुलाने हा आकडा वहीत दोनदा खोडून पुन्हा काढला. तेवढाच आला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. वर दिलेले वेग हे पंखाला जाणवणारे वेग आहेत, कॉकपिटमधल्या काट्यावर दिसतात तसले. पंखाला किलोमीटर कळत नाहीत. त्याला समोरून येणाऱ्या हवेचा दाब कळतो. हवा विरळ झाली की तोच दाब मिळायला विमानाला प्रत्यक्षात जास्त वेगाने जावे लागते. १८,००० फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या ५७ टक्के असते. तिथे काट्यावर ३७० दिसत असताना विमान खरे तर ताशी ४९० किलोमीटर कापत असते. १०,००० फुटांवर घनता ७४ टक्के, त्यामुळे काट्यावर तेच ३७० असेल तर खरा वेग ४३०.

ओढ मात्र दोन्हीकडे तीच, १,३८० किलो. दर किलोमीटरला लागणारे कामही तेच. म्हणून "वर हवा विरळ, ड्रॅग कमी" हे वाक्य मी वर्गात तसेच जाऊ देत नाही. काट्यावरचा वेग तोच ठेवला तर उंचीमुळे ड्रॅग कमी होत नाही. त्याच ड्रॅगमध्ये जास्त वेग मिळतो. खरा वेग तोच ठेवायचा ठरवला तर गोष्ट वेगळी. १०,००० फुटांवरून ताशी ४९० ने जायचे तर काटा ४२० च्या वर न्यावा लागतो आणि ओढ सुमारे १७ टक्क्यांनी वाढते.

उंचीचा दुसरा फायदा इंजिनाला मिळतो. वर हवा थंड असते. प्रमाणित वातावरणात १८,००० फुटांवर तापमान उणे २० अंशांच्या आसपास असते, आपल्या मे महिन्यात त्याहून जरा उबदार. थंड हवा दाबायला टर्बाइनला कमी कष्ट पडतात, त्यामुळे त्याच इंधनातून जास्त काम निघते. शिवाय खाली, दाट हवेत, टर्बोप्रॉपला ३७० चा काटा राखायला पूर्ण ताकद लागत नाही. इंजिन अर्ध्या भारावर चालते, आणि अर्ध्या भारावर कुठलेही टर्बाइन आपली सर्वोत्तम कार्यक्षमता देत नाही.

चढाईचा खर्च, आणि तो परत मिळतो का

पहिल्या उत्तराचा, खालूनच जाण्याचा, हिशोब आता करता येतो. २० टन वजन एक किलोमीटर उचलायला सुमारे १९६ मेगाजूल लागतात. ते विमान ओढत सपाट न्यायला दर किलोमीटरला साडेतेरा मेगाजूल लागतात. भागाकार करा: एक किलोमीटर उंचीची किंमत साधारण साडेचौदा किलोमीटर सपाट प्रवासाइतकी. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४८० मीटरवर आहे. तिथून १८,००० फूट, म्हणजे सुमारे ५.५ किलोमीटर उंची गाठायची तर पाच किलोमीटर चढायचे. झाले ७३ किलोमीटरचे इंधन! पुणे रस्त्यावरच्या मोडनिंबच्याही पुढे जाईल एवढे. पोरे हा आकडा पाहून "बघा, आम्ही म्हणत होतो" अशा थाटात एकमेकांकडे बघतात.

पण ही ऊर्जा जळून जात नाही, विमानाच्या उंचीत साठून राहते. उतरताना इंजिने जवळपास आयडलवर, म्हणजे अगदी कमी ताकदीवर, टाकली की हीच उंची विमानाला पुढे नेते. नेहमीची तीन अंशांची उतरण धरली तर १८,००० फुटांवरून उतरायला शंभरहून अधिक किलोमीटर लागतात, आणि त्यातला बराचसा रस्ता चढताना भरलेल्या पैशांवरच कापला जातो.

नकाशावर हे फार छान दिसते. सोलापूर–मुंबई सरळ रेषा उजनी धरणावरून जाते आणि पुण्याला जवळपास चाटून पुढे सरकते. चढाई शंभरेक किलोमीटरची, म्हणजे उजनीच्या पाण्यावर येईपर्यंत विमान उंची गाठते. उतरण सुरू करण्याची जागा, टॉप ऑफ डिसेंट, पुण्याच्या आसपास. सपाट उड्डाण उरते ते उजनी ते पुणे एवढेच, जेमतेम १५० किलोमीटर.

आता बेरीज. इंजिन आणि प्रोपेलर मिळून इंधनातल्या ऊर्जेपैकी २५ टक्के कामी येते असे धरू. एक किलो विमान-इंधनात सुमारे ४३ मेगाजूल असतात. १८,००० फुटांवरून, काट्यावर ३७० ठेवून: चढाईला २०० किलो, सपाटीला १९०, उतरणीला ४०. एकूण ४३० किलो, वेळ ५० मिनिटे. १०,००० फुटांवरून, काट्यावर तेच ३७०: एकूण ४३५ किलो, वेळ साडेबावन्न मिनिटे. १०,००० फुटांवरून, पण खरा वेग ४९० राखून: ४९० किलो, ४८ मिनिटे. धावपट्टीपर्यंत जमिनीवरून जाणे (टॅक्सी), उतरताना धावपट्टीशी येण्याचा शेवटचा टप्पा (अप्रोच) आणि राखीव इंधन यात धरलेले नाही. ते तिन्हीकडे सारखेच.

पहिल्या दोन आकड्यांतला फरक पाहून मुलांची निराशा होते, कारण पाच किलो हा फरक म्हणावा असा नाही. मला मात्र हा निकाल महत्त्वाचा वाटतो. ३६० किलोमीटरच्या अंतरावर उंची इंधन वाचवून देते हा दावा फक्त पंखाच्या हिशोबाने सिद्ध होत नाही. थंड हवेतले आणि चांगल्या भारावरचे इंजिन धरले की पारडे वरच्या बाजूला झुकते, तेही काही टक्क्यांनीच. बाकी कारणे इंधनाबाहेरची आहेत: मे महिन्यात तापलेल्या जमिनीवरचे हादरे दहा हजार फुटांपर्यंत सहज पोचतात, आणि घाटमाथ्यावरून जाताना खाली डोंगर असताना वैमानिकाला हाताशी उंची हवीच असते. सोलापूर–दिल्ली असते, सुमारे १,२२० किलोमीटर, तर चढाईचा खर्च लांब सपाटीवर विभागला गेला असता आणि इंजिनाचा फायदा दोनेक तास मिळत राहिला असता.

उशीर भरून काढणे

दुसरे उत्तर, म्हणजे "दाबा". या जातीच्या विमानाचा कमाल क्रूझ वेग, म्हणजे सपाट उड्डाणातला वेग, ताशी ५१० किलोमीटरच्या आसपास असतो. ४९० ऐवजी ५१० ने गेलो तर १५० किलोमीटरच्या सपाटीवर किती वेळ वाचतो? पन्नास सेकंदही नाही. त्यासाठी ओढ चार टक्क्यांनी वाढते आणि आठेक किलो इंधन जास्त जाते. २५ मिनिटांच्या उशिरातून पाऊण मिनिट कमी झाले, एवढेच. प्रवाशांना "आम्ही वेळ भरून काढतो" असे सांगितले जाते तेव्हा तो वेळ बहुतेक करून वेळापत्रकात आधीच धरलेल्या सवडीतून आणि जमिनीवरच्या झटपट कामातून येतो. लहान टप्प्यावर हवेत कमावण्यासारखे फारसे नसतेच.

उलट बाजूने पाहू. वेग कमी करून काट्यावर ३३० ठेवले, तर १८,००० फुटांवर खरा वेग ४४० होतो, ओढ नऊ टक्क्यांनी उतरते, सतरा किलो इंधन वाचते आणि दोन मिनिटे जास्त लागतात. याहून हळू, २८० च्या तळापर्यंत, कोणी शहाणा वैमानिक जात नाही. तिथे जराशी हवा हलली की वेग वक्राच्या उलट बाजूला घसरतो. वेग कमी झाला म्हणून ओढ वाढते आणि ओढ वाढली म्हणून वेग आणखी घटतो. शिवाय विमान हवेत असण्याची दर मिनिटाची किंमत वेगळी असते: कर्मचारी, देखभाल, पुढची फेरी. इंधन आणि वेळ यांच्या किमतीचे गुणोत्तर विमान कंपन्या एका आकड्यात धरतात, त्याला कॉस्ट इंडेक्स म्हणतात. तो शून्य असेल तर फक्त इंधन वाचवायचे. जितका वाढेल तितके वेगाने जायचे.

पण या प्रकरणाची खरी मेख मुंबईत आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणी वापरता येत नाहीत. ठरलेली वेळ चुकवलेले विमान तिथे पोचले की रांगेत लागते आणि आकाशात घिरट्या घालत थांबते. समजा, आपल्या विमानाला दहा मिनिटे होल्डिंग मिळाले. १०,००० फुटांवर दहा मिनिटांच्या घिरट्या म्हणजे सुमारे ७० किलो इंधन. उंचीच्या निवडीत पाच किलो, वेगाच्या निवडीत आठ-दहा किलो, आणि नुसते थांबण्यात सत्तर!

आता "दाबा"चा अर्थ काय उरतो ते बघा. ५१० ने गेलेले विमान रांगेत पाऊण मिनिट आधी लागते आणि तेवढे जास्त घिरट्या घालते. उतरण्याची वेळ रांग ठरवते, विमान नाही. ४४० ने गेलेले विमान दोन मिनिटे उशिरा रांगेशी येते आणि तेवढ्या घिरट्या वाचवते. दोघे एकाच क्षणी जमिनीला टेकतात. सपाटीवर पंचवीस किलो आणि घिरट्यांत वीस किलो असा मिळून पंचेचाळीस किलोंचा फरक, म्हणजे पन्नासहून अधिक लिटर. एका लहानशा फेरीच्या एकूण इंधनाचा दहावा हिस्सा, केवळ पुढची बातमी वेळेवर कळली म्हणून.

म्हणून माझे उत्तर असे: विमानाने १८,००० फूट घ्यावेत, उजनीच्या आसपास सपाटीला येताच एटीसीकडे, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाकडे, मुंबईच्या रांगेची चौकशी करावी, आणि थांबावे लागणार असेल तर तिथल्या तिथे काट्यावरचा वेग ३३० वर आणावा. वेळ उंचावर, थंड हवेत, कमी ओढीत घालवावा. आणि उतरण उशिरा पण सलग करावी. पुण्याच्या अलीकडेच खाली यायला सांगितले, मग मध्येच सात-आठ हजार फुटांवर सपाट ठेवले, तर चढताना साठवलेल्या उंचीवर जो रस्ता फुकट कापला जाणार होता तो पुन्हा इंधन जाळून, दाट हवेतून कापावा लागतो. हे नेहमी वैमानिकाच्या हातात नसते. नियंत्रण कक्षाने पायऱ्या पायऱ्यांऐवजी सलग उतरण दिली की इंधन वाचते, आणि त्यासाठी विमानात एक स्क्रूही बदलावा लागत नाही.

उन्हाचा आणि वाऱ्याचा हिस्सा

सोलापूरच्या ४२ अंशांचा हिशोब वेगळा करावा लागतो. ४८० मीटर उंचीवर, एवढ्या उन्हात, हवेची घनता समुद्रसपाटीच्या प्रमाणित घनतेपेक्षा १४ टक्के कमी असते. विमानाला आपण ५,००० फुटांवरच्या धावपट्टीवरून निघतो आहोत असे वाटते. उड्डाणाला जमिनीवर जास्त वेग लागतो, गरम हवेत इंजिनाची ताकद कमी पडते, चढाईचा कोन मंदावतो. वाटेतल्या प्रत्येक अडथळ्याचा हिशोब अशा दिवशी काटेकोर होतो. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली, तिच्यावरून गावात वर्षानुवर्षे जो वाद चालला त्याच्या मुळाशी हेच भौतिकशास्त्र होते. मंद चढाई म्हणजे खालच्या गरम, दाट थरात जास्त वेळ. सकाळी सहाला, २६ अंशांवर, तेच विमान निघाले तर त्याच्या दृष्टीने धावपट्टी ३,२०० फुटांवर असते. सोलापूरच्या उन्हाळी वेळापत्रकात सकाळच्या फेरीला अग्रक्रम मिळावा, असे माझे ठाम मत आहे.

जुलैत हेच गणित पुन्हा मांडले की उंचीचे पारडे एकदम जड होते. मान्सूनचे पश्चिमी वारे खालच्या काही किलोमीटरमध्ये जोरात असतात आणि वर जाताना मंदावतात. फार उंचावर तर वारा पूर्वेकडून वाहतो. मुंबईकडे निघालेल्या विमानाला १०,००० फुटांवर ताशी ४० किलोमीटरचा समोरचा वारा लागला, तर ४३० चा वेग जमिनीवरून ३९० भरतो आणि दर किलोमीटरला दहा टक्के इंधन जास्त लागते. मे महिन्यात नगण्य ठरलेला फरक जुलैत तीस-पस्तीस किलोंवर जातो. समोरचा वारा असला की हळू जाणेही महाग पडते, कारण त्या वाऱ्यात जितका जास्त वेळ राहू तितका तो मागे नेतो. तेव्हा काटा थोडा वर ठेवणे इंधनाच्याही हिताचे असते.

शेवटी जेटविषयी, कारण मुंबईच्या फेरीला सध्या ७६ आसनी जेट येते. जेटच्या टर्बोफॅन इंजिनाची कार्यक्षमता वेगाबरोबर वाढते, आणि तो वेग कमी ओढीत मिळवायचा तर वर जावे लागते. म्हणून जेट ३५,००० फुटांकडे धावतात, जिथे हवा जमिनीवरच्या ३० टक्क्यांच्या आसपास उरते. त्याहून वेग वाढवायला ध्वनीचा वेग आडवा येतो. उणे ५६ अंशांत तो ताशी १,०६० किलोमीटरपर्यंत उतरतो आणि त्याच्या ऐंशी टक्क्यांपुढे ओढ एकदम चढते. पण सोलापूर–मुंबई रेषेवर ३५,००० फुटांसाठी जागाच नाही. तिथून उतरायलाच दोनशेहून अधिक किलोमीटर लागतात, चढायलाही तेवढेच. त्यामुळे या टप्प्यावर जेटला आपल्या आवडीच्या उंचीच्या बरेच खाली राहावे लागते. म्हणूनच तीनशे-चारशे किलोमीटरच्या फेऱ्यांवर, आसनामागे लागणाऱ्या इंधनात, टर्बोप्रॉप अजूनही जेटला मागे टाकतो.